लोगनसाहेबाचा केसाळ बटवा

जैनुद्दीनभाईंना काही विचारलं की उत्तर यायच्या आत चहा निवायचा. माणूस मनाने चांगला, पण साधं हो-नाही सांगायलाही मूग गिळून बसायचा. मला मुळात धीर कमी. त्यांचं वाक्य मीच पुरं करायचे आणि मग दोघांनाही कळायचं की त्यांना काही भलतंच म्हणायचं होतं.

बहारीनमध्ये नईमच्या जुन्या वस्तीत एका दुमजली घरात खाली ते आणि त्यांची बायको मसूदाभाभी राहायचे, वर मी आणि माझा नवरा सदानंद. आम्ही पुण्याचे, सदानंद एका कंपनीत अकाउंटंट. ते रायगडातले, दिघीच्या खाडीकडचे. गच्ची दोन्ही घरांत एकच, त्यामुळे आमचं भांडण आणि प्रेम दोन्ही तिथेच व्हायचं.

जैनुद्दीनभाईंचं तुबलीला, गॅरेजांच्या रांगेत, एक लहानसं दुकान होतं. गाड्यांच्या सीटा शिवायचं. त्यांनी चढवलेल्या कव्हरवर सुरकुती शोधूनही सापडायची नाही. पण घरचा धंदा तो नव्हे. त्यांचे वडील दफ बनवायचे. लग्नात, उरसात वाजवतात तो, लाकडी कडं आणि त्यावर ताणून बसवलेलं बकऱ्याचं कातडं. जैनुद्दीनभाईंचं लहानपण कातडी खरवडण्यात गेलं. मग मुंबई, मग बहारीन, आणि कातड्याच्या जागी रेक्झिन आलं.

शहाण्णवच्या जानेवारीत, रमजान तोंडावर असताना, गावाला त्यांची आई वारली. फोन दुपारी आला. मयत ताटकळत ठेवत नाहीत, मिळेल त्या विमानाने निघाले असते तरी सगळं उरकलेलंच असतं. ते गेले नाहीत. संध्याकाळी मी खाली गेले तर हे आपले एक सीट मांडीवर घेऊन टाके घालत बसलेले. मला संताप आला. आई गेली आणि हा माणूस शिवतोय! मसूदाभाभीने मला डोळ्यांनीच गप्प केलं.

स्वयंपाकघरात नेऊन तिने मग सगळं सांगितलं. म्हातारीची एकच इच्छा होती. दर बकरी ईदला घरात कुर्बानी व्हायची ती आजोबांच्या नावची, नाहीतर नवऱ्याच्या, पुढे मुलांच्या. पैसे एकाच बकऱ्याचे, आणि नावं ओळीने पुरुषांची. बाईची पाळी काही यायची नाही. शेवटी शेवटी ती फोनवर म्हणायची, "जैनू, माज्या नावची येक कर रे." हे म्हणायचे, पुढल्या वर्षी. आता ती गेली आणि जाताना पुन्हा तेच सांगून गेली.

"या ईदला करनारत," मसूदाभाभी म्हणाली. "आयच्या नावचा बकरा. सोताच्या हातान. आता तिच्यासाठी करन्यासारखा येवढाच रायलाय."

आणि त्यातच मार्च महिन्यात लोगनसाहेब उगवले.

लोगनसाहेब स्कॉटलंडचे. समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या कारखान्यात इंजिनियर. त्यांच्या गाडीच्या सीटा जैनुद्दीनभाईंनी शिवल्या होत्या, तेवढीच ओळख. जूनमध्ये ते नोकरी संपवून कायमचे मायदेशी निघाले होते आणि गेल्या गेल्या लेकीचं लग्न होतं. तिकडे मोठ्या समारंभाला पुरुष चौकटीचा घागरा नेसतात, त्याला किल्ट म्हणतात. घागऱ्याला खिसा नसतो, म्हणून पुढे साखळीने एक बटवा लटकवायचा. तो स्पोरन. साधासुधा नव्हे, पांढऱ्या लांब केसांच्या कातड्याचा, वर चांदीची नक्षीदार पट्टी आणि समोर दोन काळे गोंडे. लोगनसाहेबांचा स्पोरन त्यांच्या वडिलांचा होता. इथल्या दमट हवेत ट्रंकेत पडून त्याला कसर लागली. ट्रंक उघडली तेव्हा पट्टी शाबूत आणि खाली टक्कल.

विकत मिळतो की तिकडे, मी म्हटलं. पण साहेबांना वडिलांची पट्टी असलेलाच हवा होता, आणि मे महिन्यात इथल्या क्लबातल्या त्यांच्या निरोपालाही तोच घालून जायचं होतं. इंग्लिश-हिंदीच्या खिचडीत त्यांनी हे समजावलं. जैनुद्दीनभाईंनी बटवा उलटा केला, सुलटा केला, बोटाने कडेचे उरलेले केस मागे सारून शिवण पाहिली. मग म्हणाले, "होयेगा, साब." मसूदाभाभी म्हणते, जानेवारीपासून पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर काहीतरी दिसलं.

दुकान बंद झाल्यावर त्यांनी तो जुना बटवा उसवायला घेतला. मी मुद्दाम बघायला बसले. रापीच्या, चामडं कापायच्या सुरीच्या, टोकाने एकेक टाका उचलायचा आणि निघालेला तुकडा वर्तमानपत्रावर होता त्याच जागी ठेवायचा. मागची पिशवी गाईच्या जाड चामड्याची. पुढे केसाळ कातड्याचा एकच अखंड तुकडा. उरलेल्या केसांचा कल वरून खाली. आत मऊ अस्तर. गोंडे वेगळे, घंटीसारख्या चांदीच्या टोप्यांत केसांचा झुपका घट्ट बसवलेला. शेवटी वर्तमानपत्रावर माणसाच्या पोटातली आतडी मांडावी तसं सगळं पसरलं होतं आणि जैनुद्दीनभाई त्याकडे लोणच्याच्या फोडीकडे बघावं तसे बघत होते.

पहिलं कातडं त्यांनी कसाईखान्यातून आणलं. पांढऱ्या बकऱ्याचं, बऱ्यापैकी लांब केसांचं. पत्र्याच्या पिंपात पाणी भरलं, त्यात कातडं बुडवलं, वर फळी ठेवली आणि गेले सीटा शिवायला. काही दिवसांनी फळी काढली, कातडं बाहेर ओढलं, तर केस पिंपातच. मुठीमुठीने हातात येत होते. पाण्यात त्यांनी चुना घातला होता! दफाला केस चालत नाहीत, म्हणून बापाने आयुष्यभर चुन्यात कातडं भिजवलं आणि पोराच्या हाताने न विचारता तेच केलं.

"अहो, केसाळ बटवा करायचा होता ना?" मी म्हटलं.

"दफ चांगला झाला असता, वयनी," ते कातडं उजेडात धरून म्हणाले.

मग केस राखून कातडं कमवायचं कसं, हे त्यांनी दुसऱ्या एका कातड्यावर करून पाहिलं. चुना नाही, तुरटी आणि मीठ, तेही आतल्या बाजूने चोळायचं. हात बसला. पण तसं पांढरं, लांब केसांचं कातडं पुन्हा मिळेना. इकडचे बकरे बहुतेक काळे, नाहीतर तांबडे.

एप्रिलच्या सुरुवातीला एका संध्याकाळी पिकअपमधून एक बकरा उतरला. शुभ्र पांढरा, मानेखालून गुडघ्यापर्यंत केस लोंबताहेत, चालला की झुलताहेत. ईदला अजून वेळ होता. घरमालकाला विचारून त्याला गच्चीवर बांधलं.

"आयच्या नावचा," जैनुद्दीनभाई म्हणाले. आणि लगेच, "केस बगितले काय, वयनी?"

गच्चीवर मी कुरडया घातल्या होत्या. बहारीनच्या उन्हाचा एवढा एकच उपयोग मला सापडला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर पातळावर कुरडयांचा चुरा आणि बकरा तोंड हलवत माझ्याकडे बघतोय. मी खाली जाऊन मसूदाभाभीला नाही नाही ते बोलले. तिने ऐकून घेतलं आणि संध्याकाळी माझ्याबरोबर नवा चीक शिजवायला बसली. असल्या बाईशी भांडायचं तरी कसं?

बकऱ्याचे लाड मात्र बघण्यासारखे होते. मीच दिलेल्या रिठ्यांनी त्याला न्हाऊ घालायचं. वाळला की रुंद दातांच्या फणीने केस विंचरायचे. मग जैनुद्दीनभाई खिशातून टेप काढायचे आणि छातीवरचे केस मोजायचे. कुठला भाग पुढे येईल, कुठून कापायचं, हे बोटाने बकऱ्याच्या अंगावर आखायचे. इतका न बोलणारा माणूस, पण त्या दिवसांत भरभरून बोलायचा. सदानंदलासुद्धा गच्चीवर नेऊन केसांचा कल समजावला. मला वाटलं, बरं झालं, दुःख जरा हललं.

एकदा मी वाळत घातलेले कपडे काढायला वर गेले होते. ते टेप लावून बसलेले, मसूदाभाभी पाण्याची बादली घेऊन उभी. बराच वेळ ती बघत राहिली. मग तिने बादली खाली ठेवली.

"ह्यो बकरा कुनाच्या नावचा?"

"आयच्या. इचारतस काय?"

"रोज बगतंय मी. तुमी केस मोजताव, केस इचरताव, साहेबाचा बटवा असा नि तसा. आयचा नाव तुमच्या तोंडान येक दिवस तरी आयला काय?"

जैनुद्दीनभाईंनी वर पाहिलं.

"बकरा अल्लासाठी घेतलाव, आयसाठी घेतलाव, का त्या बटव्यासाठी? नियत कुनाची हाय तेवढा मना सांगा."

आवाज चढवला नाही तिने. बादली उचलून बकऱ्यापुढे ठेवली आणि खाली गेली. मी हातात कपडे घेऊन तशीच उभी. एरवी मी मध्ये पडले असते. टेप त्यांच्या हातातून लोंबत होता आणि बकरा तो हुंगत होता.

मला आधी हे काही उमगलं नाही. बकरा तोच, कापायचा तेव्हाच, मग मनात काय होतं याने काय बिघडलं? मसूदाभाभीने मला सांगितलं की बिघडतं. कुर्बानीत मटण वर जात नाही, रक्त वर जात नाही, मन तेवढं पोचतं. ते बटव्यात अडकलेलं असलं तर म्हातारीच्या हाती काय लागणार?

जैनुद्दीनभाई मशिदीत जाऊन मौलवीसाहेबांना विचारून आले. त्यांनी सांगितलं, आई सांगून गेलीय ना, मग हा सगळा सदका. मटणाचा तुकडा घरात ठेवायचा नाही, कातडं विकायचं नाही, सगळं गरिबाला. आणि नियत? ती अजून तुमच्या हातात आहे, जनावर अजून उभं आहे.

आल्यावर ते माझ्यासमोरच मसूदाभाभीला म्हणाले, "आमच्या घरान ईदीची कातडी यायची, मसूदा. आखा गाव बापाला आनून द्यायचा, गरीब म्हनून. आमी घेनारे. ईदीचा कातडा आयला का तो कामाला लावायचा, येवढाच मना ठावक. देनाऱ्याचा काय असतो, ता कधी बगितलाच नाय."

दुसऱ्या दिवशी ते लोगनसाहेबांकडे गेले, आणि इंग्लिश लागेल म्हणून मला बरोबर नेलं. हे कातडं मिळणार नाही, मी सांगितलं. साहेब म्हणाले, किंमत वाढवतो. विकायचंच नाहीये, मी म्हटलं. मग भेट म्हणून द्या, साहेब म्हणाले, मी तुमच्या मशिदीला काही देतो. मी जैनुद्दीनभाईंकडे पाहिलं. ते हिंदीतच म्हणाले, "साब, ये गरीब आदमी का है. आप गरीब नहीं है." साहेबांचा चेहरा पडला. म्हणाले, मला वाटलं होतं लेकीच्या लग्नात वडिलांचा स्पोरन घालेन. मला वाईट वाटलं, आणि खरं तर थोडा रागही आला जैनुद्दीनभाईंचा. तोंडाशी आलेला घास काढून घेतला होता माणसाच्या.

"काला चलेगा?" जैनुद्दीनभाईंनी विचारलं.

काळ्या बकऱ्यांना तोटा नव्हता. रोजच्या कापातलं एक कातडं त्यांनी कसायाकडून रीतसर घेतलं, घोट्यापर्यंत केस लोंबणाऱ्या बकऱ्याचं. आतून खरवडलं, तुरटी-मीठ चोळून घडी घालून ठेवलं, मग फळीवर ठोकून सावलीत वाळवलं, आणि गुडघ्यावर ओढून ओढून मऊ केलं. कापायची वेळ आली तेव्हा मी कात्री पुढे केली, तर हसले. कात्रीने केस तुटतात. कातडं पालथं घालून मागून, नुसत्या कातड्याच्या जाडीइतकीच रापी फिरवायची. तुकडा उचलला तर कडेचा एक केस तुटलेला नव्हता. शिवतानाही दर टाक्याला आत दबलेले केस दाभणाच्या टोकाने बाहेर काढायचे, म्हणजे शिवण केसांखाली लपते. दोरा मेण लावलेला, दोन सुयांनी दोन्हीकडून ओढलेला.

गोंडे काळ्यावर काळे दिसेनात. तेव्हा त्यांनी जुन्या बटव्याचं ते टक्कल पडलेलं कातडं काढलं. कसरीने खाल्लं होतं, पण कडांना थोडे पांढरे केस उरले होते. ते चिमटीचिमटीने काढले, धुतले, जुळवले आणि त्याचे दोन पांढरे गोंडे बांधले. वडिलांच्या बटव्यातलं उरलंसुरलं सगळं समोर आलं.

बटवा घरी नेऊन दिला तेव्हा साहेब आत जाऊन किल्ट नेसूनच आले. उंचापुरा, गुडघे उघडे, समोर झुलणारा काळाभोर बटवा. हसू दाबताना माझा जीव गेला. साहेब दोन बोटांनी एक गोंडा धरून उभे होते. मग एवढंच म्हणाले, "दीज आर हिज." जैनुद्दीनभाईंना मी भाषांतर करून सांगायला लागले, तर त्यांनी हात हलवून मला थांबवलं.

पण हे सगळं ईदनंतरचं. त्याआधी ईद झाली होती.

गच्चीवर मसूदाभाभीने नियत विचारली त्या दिवसानंतर त्यांनी टेप पुन्हा काढला नाही. संध्याकाळी गच्चीवर जायचे, बकऱ्याला पाला घालायचे आणि शेजारी नुसते बसायचे. ईदच्या सकाळी त्यांनी स्वतः सुरी धरली. मी बघायला गेले नाही. मटण खाते मी, पण रोज ज्याच्यावर ओरडले त्याचं बघवलं नसतं. मटण दुपारपर्यंत मजुरांच्या कॅम्पवर वाटून झालं. दरवर्षी आमच्याकडे वाटा यायचा, त्या वर्षी आला नाही. त्यांच्या स्वतःच्या घरी मसूदाभाभीने डाळ केली होती.

कातडं मात्र त्यांनी कच्चं दिलं नाही. कच्चं घेऊन गरीब करणार काय? मीठ लावून ठेवलं, बटव्याचं काम आटोपल्यावर कमावलं, आणि काळ्यापेक्षा दुप्पट वेळ घेऊन. लोगनसाहेब गेले तरी हे आपले ओढताहेत, चोळताहेत. अखंड ठेवलं, कुठे कापलं नाही. कडा रापीने सारख्या करून घेतल्या. शेवटी ते इतकं मऊ झालं की गालाला लावावं.

द्यायचं कुणाला, हे मसूदाभाभीने सुचवलं. पुलापलीकडे, बुसैतीनला एका बहारीनी घरात झोहराबी नावाची म्हातारी होती, दापोलीकडची. तरुणपणी स्वयंपाकाला आली, आता हात चालत नव्हते. घरच्यांनी मागची एक खोली दिली होती, जेवण देत होते. गावाला तिचं कुणी राहिलं नव्हतं. मला बुसैतीनला कामही होतं, म्हणून सदानंदने मला आणि जैनुद्दीनभाईंना गाडीतून नेलं.

खोलीत एक खाट आणि जमिनीवर प्लास्टिकची चटई. जैनुद्दीनभाईंनी गुंडाळी सोडली आणि पांढरं कातडं चटईवर अंथरलं. "नमाजीला घ्या, नानी," म्हणाले. म्हातारीने वाकून त्यावर हात फिरवला. मग विचारलं, "कुर्बानीचा हाय?"

"हां."

"कुनाच्या नावची?"

"माज्या आयच्या."

"आयला नाव असेल नां बाला. दुवा मागताना 'जैनुद्दीनची आय' म्हनू काय मी?"

ते गप्प. मला ती जुनी खोड माहीत होती, वाक्य मी पुरं करणार होते, पण मला तरी त्यांच्या आईचं नाव कुठे ठाऊक होतं? इतक्या वर्षांत त्या घरात कुणी ते उच्चारलंच नव्हतं.

"नसीबा," ते म्हणाले.

"नसीबाबी," म्हातारीने म्हणून पाहिलं. भिंतीला धरत ती कातड्यावर बसली आणि त्यांनाही समोर बसायला सांगितलं. "कशी होती? सांग मना. मी रोज तिचा नाव घेनार, मना म्हाईत नको काय?"

आणि जैनुद्दीनभाई बोलायला लागले. नाकातली चमकी, मासळी नीट करताना पुटपुटायची सवय, बापाने चिडून भिरकावलेला दफ तिने विहिरीतून काढून आणला होता तो किस्सा. थांबत नव्हते. बाहेर सदानंदने दोनदा हॉर्न दिला. मीच जाऊन त्याला गप्प केलं. उन्हात गाडी तापली होती, माझं काम राहिलं ते राहिलंच. दिवस मावळून मगरिबची बांग झाली तेव्हा म्हातारी उठून त्या कातड्यावर उभी राहिली आणि हे बाहेर आले.

 गाडी पुलावर आल्यावर ते म्हणाले, "वयनी, आयला माती दिली मी आज."

या वेळी वाक्य त्यांचं त्यांनीच पुरं केलं होतं. मी खिडकीकडे तोंड वळवून रडले.